मिरचीच्या गाळ्यावर येणारा सपक डबा

आधीच सांगून टाकतो, चवीसाठी हा डबा लावू नका. चवीला तो बरा आहे, इतकंच. पण तोंड आलेलं असताना माणूस या डब्यावर पोटभर जेवू शकतो. ज्याचं तोंड वरचेवर येतं त्याला यापुढचं वाचायची गरज नाही. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर लिहितो.

मी वाशीच्या मसाला मार्केटमध्ये मिरचीच्या गाळ्यावर हिशेब लिहायला आहे. गाव जावळी तालुक्यात, राहायला कोपरखैरणे. आमच्याकडे ब्याडगी येते, गुंटूरकडची तेजा येते, सिझनला संकेश्वरी येते. पोत्याचं तोंड सोडलं की नवखा माणूस खोकत बाहेर पळतो. त्यामुळे माझं तोंड आलंय असं कळलं की जो तो म्हणतो, "मिरचीत बसतोस, येणारच." तसं असतं तर अख्ख्या मार्केटची तोंडं आली असती. आलेल्या तोंडाला मिरची झोंबते, ही गोष्ट वेगळी. फोडाच्या जागी वरची साल गेलेली असते, आणि ज्या नसांना चटका कळतो त्यांनाच मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन जाऊन चिकटतं. एरवी ४३ अंशांच्या आसपास गरम लागल्यावर जी कळ उठते, तीच थंडगार ठेच्यानेही उठते. म्हणून तोंड आलेल्या माणसाला वाफाळतं वरण आणि तिखट रस्सा यांचा जाच जवळपास सारखाच होतो. हे लक्षात ठेवा, पुढे डब्याच्या तक्रारीत लागेल.

मंडळी सध्या गावी आहेत, सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. तोवर दुपारच्या जेवणाची सोय मार्केटवरच करावी लागते. इथली जेवणं हमालीच्या कष्टाला साजेशी असतात: तर्री, ठेचा, तळलेली मिरची, वर लिंबाची फोड. चांगल्या दिवशी मी ते आवडीने खातो, आम्ही साताऱ्याची माणसं, कांदा-लसूण मसाल्यावर वाढलेली. पण खालच्या ओठाच्या आत चट्टा पडला की तिसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी येतं आणि ताट सरकवावं लागतं. एका खाणावळीत "बिनतिखट द्या" म्हणालो, तर त्यांनी तोच रस्सा पाणी घालून वाढला.

हा डबा करणाऱ्या काकू आमच्या मागच्या गल्लीत राहतात, मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांचे डबे दोन तऱ्हेचे, रोजचा आणि सपक. सपक डबा त्यांनी सुरू केला तो कवळी बसवलेल्या, ॲसिडिटीवाल्या, ऑपरेशन झालेल्या माणसांसाठी. मी विचारायला गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "भाऊ, आतून गालाला आहे की जिभेला?" मला वाटलं उगाच विचारतात. पण त्याला कारण होतं. गालाला किंवा ओठाला असेल तर त्या चपाती देतात, घडी घालून, तूप लावून, काठ मऊ ठेवून. जिभेला असेल तर चपाती बंद, मऊ भात नाहीतर दुधात भिजवलेली भाकरी. जीभ घास फिरवते, त्यामुळे तिला कोरडं काहीच चालत नाही. हे कुठल्या पुस्तकात वाचलं असेल असं वाटत नाही, माणसं जेवू घालून कळलेलं दिसतंय.

आता डब्यात काय असतं ते. भात नेहमी आसट, मोकळा नाही. वरण मुगाचं, हिंग-हळदीचं, वर तूप. भाज्या दुधी, पडवळ, घोसाळी, लाल भोपळा, फोडणी तुपात जिऱ्याची. मोहरी नाही, कारण मोहरीचा दाणा फोडात जाऊन बसतो. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. लाल भोपळ्यात थोडा गूळ आणि ओलं खोबरं, ही त्यांची सगळ्यात चांगली भाजी. पालकाची पातळ भाजी मात्र मला जमत नाही. खाल्ल्यावर दातांना खरखरीत लागतं, पण हिरवी भाजी पोटात जायला हवी म्हणून खातो. आठवड्यातून एकदा तोंडली हमखास असतात. काकूंच्या मते तोंड आलेल्याने तोंडली खावीत, त्यांच्या आजीपासून चालत आलंय. त्याने फोड बरा होतो असं मी म्हणणार नाही, पण ती लोण्यासारखी मऊ शिजलेली असतात, त्यामुळे माझी हरकत नाही. एकादशीला मी उपवास धरतो. त्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीऐवजी वरीचा भात आणि दुधात कुस्करलेलं रताळं येतं. खिचडीतली हिरवी मिरची काढली तरी दाण्याचं कूट उरतंच, आणि कूट म्हणजे फोडासाठी वाळूच. ही तजवीज मी सांगितलेली नव्हती.

सोबत एक फळ असतं. बहुतेक वेळा पिकलेली पपई नाहीतर केळं. पपईचं मला विशेष वाटलं, त्याचं कारण थोडं लांबून सांगावं लागेल. तोंड सारखं येतं म्हणून मी नेरूळच्या एका डेंटल कॉलेजच्या ओपीडीत गेलो होतो. तिथल्या मॅडमनी तोंड तपासलं आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), बी-१२, फोलेट (हेही एक ब जीवनसत्त्वच). फेरिटिन कमी निघालं, आणि बी-१२ तर लॅबच्या खालच्या रेघेच्याही खाली. मी माळकरी. मासे, मटण, अंडं काहीच नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, पनीर यांतूनच मिळतं, आणि मी दिवसभर कटिंगवर राहणारा. लोह, बी-१२ किंवा फोलेट कमी पडलं की काही जणांचं तोंड वरचेवर येतं, हे तिथं कळलं. बी-१२ साठी इंजेक्शनं सुरू झाली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळीबरोबर आणि पालेभाजीबरोबर क जीवनसत्त्व असलं की लोह अंगाला नीट लागतं. सगळे म्हणतात लिंबू पिळा, आवळा खा. तोंड आलेल्याने लिंबू पिळायचं म्हणजे काय ते आलेल्यालाच विचारा. पपईत क जीवनसत्त्व भरपूर, आंबटपणा नाही, चावावी लागत नाही. काकूंना हे मी सांगितलं तेव्हापासून माझ्या डब्यात पालक असेल त्या दिवशी पपई असतेच. जेवल्याबरोबर चहा घेतला तर लोह कमी शोषलं जातं, हेही मॅडमनी सांगितलं होतं. तो भाग मार्केटमध्ये पाळणं सगळ्यात कठीण. दीडच्या सुमाराला चहावाला केटली घेऊन समोर उभा असतो.

तक्रारी आता. पहिली आणि मोठी: आमसूल. कोकणातल्या हाताला ते सुटत नाही. सपक डब्यातल्या आमटीत मिरची नसते, मसाला नसतो, आणि तळाशी दोन आमसुलं निवांत पडलेली असतात. शुक्रवारी तर सोलकढी. काकूंचं म्हणणं, सोलकढी थंड, पोटाला चांगली. पोटाला असेल, फोडाला नाही. आंबट म्हणजे आंबट: कोकम, चिंच, टोमॅटो, अननस, शिळं ताक, सगळं सारखंच झोंबतं. ताजं गोड ताक चालतं. मी सांगितल्यावर माझ्या डब्यातलं आमसूल बंद झालं, पण नव्या माणसाने आपणहून सांगावं लागेल. यादीत "सपक" लिहिलंय म्हणून बिनआंबट असेल असं धरून चालू नका.

दुसरी तक्रार रंगाची. मधूनमधून वरण नुसतं पिवळं न राहता किंचित तांबूस येतं. काकू म्हणाल्या, "भाऊ, ती ब्याडगी हो, नुसती रंगाला, बी काढून टाकते मी." आता मिरचीबद्दल मला शिकवू नये. ब्याडगी रंगाला चढी आणि तिखटाला उतरती, हे खरं; तिचा भावच रंगावर ठरतो. पण तिखटपणा बियांत नसतोच. बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत तो असतो. बी झटकून शीर तशीच ठेवली तर काम अर्धवट. त्यांनी ऐकून घेतलं, आणि वरण पुन्हा पिवळं यायला लागलं. आता रंगासाठी हळद जरा जास्त असते, इतकंच.

तिसरी, डबा फार गरम येतो. इतर कुणासाठी हे कौतुक ठरेल. स्टीलचा चार पुडांचा डबा, वर जाड कापडी पिशवी, काकूंचा भाचा स्कूटरवरून पाऊण वाजता गेटवर आणून देतो, तेव्हा वरणाला हात लावता येत नाही. मी झाकणं काढून वही पुरी करतो, मग बसतो. कोमट झालेलं जेवण हेच तोंड आलेल्याचं जेवण. घाई असणाऱ्याने भातावर आधी गार दूध घ्यावं. दुधाने झोंबणं पाण्यापेक्षा लवकर शमतं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दुधातलं केसीन नावाचं प्रथिन ते सोडवून नेतं.

एकदा झाकणांची अदलाबदल झाली आणि माझ्याकडे रोजचा डबा आला, वर लालभडक तवंग. सपक डब्याच्या कडीला निळी चिकटपट्टी लावायची पद्धत त्यानंतर सुरू झाली. आता अडचण येत नाही.

डब्याबरोबर काकू एक छोटी डबी देतात, त्याचे पैसे नाहीत. तीत साजूक तुपात कालवलेली ज्येष्ठमधाची पूड असते, रात्री फोडावर लावायला. लावल्यावर बरं वाटतं, फोडावर एक थर बसतो आणि दात घासत नाही. दोन तासांत ते गिळलं जातं, पण तेवढ्यात झोप लागते. जाईची पानं चावून थुंकायला सांगतात, ती मी करून पाहिली. तुरट लागतात, तोंड आखडल्यासारखं होतं, फोडात फरक मला जाणवला नाही. उष्णता झाली, पोट साफ नाही, म्हणून गुलकंद खा, सब्जा भिजवून खा, यावर मी काकूंशी वाद घालत नाही. गुलकंद मऊ असतो आणि दुधाबरोबर छान लागतो. ज्येष्ठमधाची मात्र ज्यांचं बीपी वाढलेलं आहे त्यांनी काळजी घ्यावी. बोटभर लावणं निराळं, रोज काड्या चघळत बसणं निराळं.

मार्केटमध्ये दुसरे उपायही मिळतात, फुकट आणि आग्रहाने. एकाने टाकणखार मधात कालवून आणून दिला. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, गिळला तर विषारी, आणि तोंडात लावलेलं काही ना काही गिळलं जातंच. लहान मुलांच्या तोंडाला तर अजिबात लावू नका. दुसऱ्याने ॲस्पिरिनची गोळी फोडावर दाबून धरायला सांगितली. तिने कातडी भाजते आणि छोट्या फोडाचा मोठा होतो. मिठाच्या गुळण्या कराव्यात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवल्यावर तोंडात घोळवायचं आणि थुंकायचं. झोंबतं, पण अन्नाचे कण निघून जातात. गाळ्यावर माझी त्यासाठी वेगळी बाटली आहे.

मेडिकलमधल्या वस्तूंबद्दल थोडक्यात. बधिर करणारं जेल, ज्यात लिग्नोकेन आणि बहुधा कोलीन सॅलिसिलेट असतं, ते जेवणाआधी लावलं तर तेवढं जेवण सुखाचं होतं. फोड त्याने लवकर भरत नाही. जास्त लावलं तर गालही बधिर होतो आणि आपलाच गाल चावला जातो, म्हणजे उद्याचा फोड आजच तयार. सॅलिसिलेटवालं जेल १६ वर्षांखालच्या मुलांना नको, ब्रिटनमध्ये २००९ पासून ते मनाच केलंय. मला खरा गुण आला तो डेंटल कॉलेजने दिलेल्या ०.१ टक्के ट्रायमसिनोलोनच्या पेस्टचा. रात्री जागा कोरडी करून ठिपका ठेवायचा, चोळायचं नाही. पण ती स्टिरॉइडची आहे, मनाने आणून लावत बसायची नव्हे. आणि तिथंच एका दाताची धार घासून बोथट करून दिली. माझे निम्मे फोड त्याच दातासमोर यायचे. टूथपेस्टही बदलली. फेस आणण्यासाठी घालतात ते सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट घेतली. तोंडात फेस येत नाही, पहिले काही दिवस दात घासल्यासारखंच वाटत नाही. तरी ती सोडणार नाही.

म्हणजे काकूंच्या डब्याने तोंड बरं होतं का? नाही. साधा फोड, एक सेंटिमीटरच्या आतला, एक-दोन आठवड्यांत आपला आपणच भरतो, डबा खा नाहीतर खाऊ नका. तेवढे दिवस माणूस उपाशी राहत नाही, चहा-बिस्किटावर काढत नाही, हे डब्याचं काम. माझ्यासारख्याला, ज्याच्या रक्तातच कमतरता निघाली, त्याला तर तोंड आलंय म्हणून दूध, डाळ, भाजी टाळणं परवडत नाही. टाळलं की पुढचा फोड रांगेत उभा.

हा डबा कुणी लावू नये तेही लिहितो. आमच्या ओळखीचा एक मुकादम आहे, वर्षानुवर्षं तंबाखू-चुन्याचा बार उजव्या गालात ठेवणारा. माझा डबा बघून म्हणाला, मलाही लावून दे, माझंही तोंड आलंय. विचारलं तर म्हणे महिना होऊन गेला, आणि दुखत तर काहीच नाही. मला तेच खटकलं. आपला फोड दुखतो, नको इतका दुखतो. न दुखणारा, कडा कडक झालेला, तंबाखूचा बार ठेवायच्या जागीच असलेला चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, शेजारी पांढरा किंवा लाल डाग असला, किंवा तोंड उघडून तीन बोटं उभी आत जात नसली, तर आधी दाखवायला जायचं. त्याला मी डेंटल कॉलेजात नेलं. तिथं तुकडा काढून तपासला आणि खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सरच्या केंद्रात पाठवलं. त्याचे उपचार चालू आहेत. काकू त्याच्या घरी आता भाताची पेज आणि नाचणीचं सत्त्व पाठवतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती लावणाऱ्या बायकांनीही हे वाचावं, "मी तंबाखू कुठं खाते" म्हणू नये.

दर आणि वेळ. सपक डबा एका वेळचा ९० रुपये, रोजचा ७५. वरचे १५ रुपये तुपाचे आणि फळाचे, मला ते वाजवी वाटतात. महिन्याचं बांधून घ्यायची सक्ती नाही, आणि हे फार सोयीचं आहे, कारण तोंड काही महिन्याच्या हिशेबाने येत नाही. आदल्या रात्री नऊच्या आत व्हॉट्सॲपवर "सपक" असं कळवायचं आणि फोड कुठे आहे ते लिहायचं. आमसूल नको, हे पहिल्याच दिवशी लिहा. कोपरखैरणे, वाशी आणि मार्केट एवढ्याच भागात डबा येतो. रविवारी बंद, आणि गणपतीत काकू गावी जातात तेव्हा दहा-बारा दिवस बंद. त्या दिवसांत मी गाळ्यावर इंडक्शन लावून मुगाची खिचडी टाकतो, शेठ काही बोलत नाही.